सिमेंटचा ओंडका आणि फळीचे बाकडे : मुंबई उपनगरांतील उघड्यावरील रांगड्या बैठकांची चिकित्सा

बीजसंज्ञा : रांगडे फर्निचर, स्थानिक लाकूड, अनुकृती, बाकडे, उपनगरी रुची

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांतील अनेक सार्वजनिक उद्यानांत एक विशिष्ट वस्तू दृष्टीस पडते. झाडाचा आडवा ओंडका, त्यावर सालीच्या उभ्या भेगा, कापलेल्या टोकाशी वयाची वलये, आणि खाली आधार म्हणून छाटलेल्या खोडाचे दोन आखूड तुकडे. रंग तपकिरी, क्वचित कडेने हिरवट. जवळ जाऊन हात लावला म्हणजे कळते की हे लाकूड नसून सिमेंट आहे. याच कुळातील इतर वस्तूही तेथेच असतात : पोकळ खोडाच्या आकाराची कचरापेटी, फांद्यांचा भास देणारे कुंपण, कृत्रिम तळ्यावरील पुलाचा ‘लाकडी’ कठडा. बाकाच्या पाठीवर कुणा दिवंगताचे किंवा ज्याच्या निधीतून तो बसविला त्या लोकप्रतिनिधीचे नाव रंगविलेले असते.

मराठी समीक्षेने कविता, कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांची चिकित्सा विपुल केली. ज्या वस्तूवर बसून निवृत्त नागरिक सकाळचे वर्तमानपत्र वाचतो, त्या वस्तूकडे मात्र रुचीचा आविष्कार म्हणून फारसे पाहिले गेले नाही. वास्तविक सार्वजनिक बैठक ही समाजाने स्वतःविषयी केलेले एक विधानच असते. प्रस्तुत लेखात अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यातील उघड्यावरच्या रांगड्या, म्हणजे लाकडाचा ओबडधोबडपणा मिरवणाऱ्या, बैठकांची चिकित्सा करावयाची आहे. रांगडेपणाची प्रतिमा या उपनगरांत सर्वत्र विकत मिळते; परंतु त्याच परिसरात पडलेले किंवा तोडलेले लाकूड आणि ते हाताळू जाणणारी माणसे यांची गणना कचरा व अतिक्रमण यांतच होते, अशी या लेखाची भूमिका आहे.

अनुकृतीची परंपरा

सिमेंटच्या ओंडक्याला केवळ ‘खोटा’ म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. एका साहित्यात दुसऱ्या साहित्याचे रूप उतरविणे ही कलेच्या इतिहासातील अत्यंत जुनी प्रक्रिया आहे, आणि तिचे एक उत्तम उदाहरण अंधेरीतच उभे आहे. अंधेरी पूर्वेकडील महाकाली, म्हणजेच कोंडिविटे, येथील लेणीसमूहातील नवव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात स्तूपाभोवती गोल झोपडीच्या आकाराची खोली कोरलेली आहे. तिच्या भिंतीला जाळीच्या खिडक्या आहेत. पाषाणात अशा जाळीची काहीच आवश्यकता नसते. ती आली आहे लाकूड आणि बांबू यांच्या बांधणीतून. बिहारमधील बराबर टेकड्यांतील सुदामा लेण्याशी या रचनेचे नाते अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. कार्ले आणि भाजे येथे तर दगडी छताखाली प्रत्यक्ष लाकडी फासळ्या बसविल्या गेल्या. त्या छताचा भार पेलत नाहीत, तरीही आजवर टिकून आहेत. आनंद कुमारस्वामी यांनी प्राचीन भारतीय वास्तूंमधील काष्ठरूपांचा जो शोध घेतला, त्याला या लेण्यांतून भरपूर पुरावा मिळतो. जर्मन वास्तुविचारक गॉटफ्रीड सेम्पर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मांडलेला विचारही येथे उपयोगी पडतो. साहित्य बदलले तरी जुन्या साहित्याने घडविलेले रूप मागे उरते आणि नव्या साहित्यात स्मृती म्हणून वावरते, असा त्याचा आशय होता.

कोंडिविट्याच्या कारागिराने लाकूडकामाची स्मृती जपली. त्याने वासा कसा बसतो, जाळी कशी विणली जाते, छप्पर कोठून वळते हे दगडात सांगितले. ज्याला झोपडी बांधता येते तोच अशी झोपडी कोरू शकतो. सिमेंटच्या ओंडक्यात मात्र लाकूडकाम कोठेच नाही. त्यात कुसू नाही, खाच नाही, सांधा नाही, तासल्याची खूण नाही. लाकडाचे काम त्याने घेतलेले नाही. लाकडाची केवळ कातडी घेतली आहे. त्यातही ही साल कोणत्या झाडाची, हे सांगता येत नाही. सागाची साल वेगळी, आंब्याची वेगळी, पर्जन्यवृक्षाची खवलेदार काळपट साल त्याहून वेगळी. उद्यानातील ओंडका या सर्वांपासून अलिप्त आहे. तो ‘झाड’ या जातीवाचक कल्पनेचा ओंडका आहे.

या रूपाचा उगम उपनगरी ठेकेदाराच्या कल्पनेत झालेला नाही. पॅरिसमधील ब्यूत-शोमाँ हे उद्यान १८६७ मध्ये खुले झाले. तेथील पायऱ्यांचे आणि वाटांचे कठडे सिमेंटमध्ये फांद्यांसारखे घडविलेले आहेत. त्याच वर्षी जोसेफ मोनिए या फ्रेंच बागकाम व्यावसायिकाने लोखंडी जाळीवर सिमेंट चढवून केलेल्या फुलझाडांच्या कुंड्यांसाठी एकस्व मिळविले. आज ज्या सळई-काँक्रीटने अंधेरी आणि मुलुंड येथे चाळीस-चाळीस मजले उभे केले जातात, त्याचा एक आरंभ असा बागेतल्या कुंडीपाशी सापडतो. अर्थात तत्कालीन पॅरिसमधील त्या कठड्यांमागे हाताने साल कोरणाऱ्या कुशल कारागिरांचा वर्ग होता. उपनगरी उद्यानात पोहोचेपर्यंत त्यातील हात गळून गेला आणि साचा उरला.

उपयोगाच्या दृष्टीनेही या ओंडक्याची परीक्षा व्हावयास हवी. त्याचा माथा गोलाकार असल्याने बसणाऱ्याला मांडी टेकण्यास पुरेशी सपाटी मिळत नाही. कोरीव भेगा पाठीला व मांडीला टोचतात. एप्रिल-मेच्या दुपारी सिमेंट तापते आणि सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेले राहते. लाकूड उष्णतेचे मंद वाहक असल्याने त्याच उन्हात सुसह्य असते. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत आतील सळई गंजून फुगते, वरचे पोपडे सुटतात आणि काही वर्षांनी ‘झाडाच्या’ पोटातून लोखंड डोकावू लागते. मग त्यावर पुन्हा तपकिरी रंग फासला जातो.

तथापि दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. सार्वजनिक उद्यान सांभाळणाऱ्या यंत्रणेला वाळवी, पावसाळा आणि चोरी या तिन्हींचा विचार करावा लागतो. ज्या सांताक्रूझ वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या परिसरात उघड्यावर लाकूड ठेवणे म्हणजे दरवर्षी त्याची निगा राखण्याची जबाबदारी स्वीकारणे होय. अशी जबाबदारी घेणारा माणूस नेमलेला नसेल, तर सिमेंट निवडण्यात व्यवहारज्ञान आहे. आक्षेप सिमेंटला नाही. साधा, सपाट, सिमेंटचाच दिसणारा बाक कोणालाही फसवीत नाही आणि बसण्यासही बरा असतो. आक्षेप आहे तो सिमेंटला लाकूड म्हणून उभे करून लाकडाचा प्रश्न मिटल्याचा आभास निर्माण करण्याला.

बाजारातील रांगडेपणा

जागतिकीकरणानंतरच्या काळात उपनगरी मध्यमवर्गाच्या रुचीत ‘रस्टिक’ हा शब्द रूढ झाला. अंधेरी पश्चिमेकडील उपाहारगृहांच्या मोकळ्या अंगणात साल न काढलेल्या कडांची टेबले, गाठी दिसणारी बाके, मुद्दाम खरवडलेल्या खुर्च्या मांडलेल्या दिसतात. यांतील पुष्कळसा माल जोधपूरच्या कारखान्यांतून येतो. आंबा, शिसवी, बाभूळ यांच्या लाकडाचे असे फर्निचर तेथून परदेशीही निर्यात होते. काही ठिकाणी मालवाहतुकीच्या पाइनच्या खोक्यांची मोडतोड करून बाके केलेली असतात. ते पाइन बहुधा परदेशातून आलेले असते. अशा रीतीने रांगडेपणा शेकडो, कधी हजारो मैलांचा प्रवास करून अंधेरीत येतो, आणि तेथे ‘आपल्या मातीचा’ म्हणून त्याची किंमत लावली जाते.

रांगडेपणा ही सुस्थित वर्गाची हौस असणे हेही नवीन नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ॲडिरॉन्डॅक डोंगरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धनिकांनी उन्हाळी निवासस्थाने बांधली आणि त्यांसाठी साल न सोललेल्या फांद्यांचे फर्निचर करवून घेतले. त्याच प्रदेशातील वेस्टपोर्ट गावी थॉमस ली याने १९०३ च्या सुमारास उघड्यावर बसण्यासाठी फळ्यांची तिरपी खुर्ची तयार केली. तिचे एकस्व मात्र १९०५ मध्ये हॅरी बनेल या स्थानिक सुताराच्या नावे नोंदले गेले. हौस शहरी असली, तरी तेथे लाकूड भोवतालच्या रानातले होते आणि घडविणारा हात गावातला होता. हौस आणि हात यांच्यात शोषणाचे का असेना, पण एक प्रत्यक्ष नाते होते. अंधेरीतील गिऱ्हाईक आणि जोधपूरचा कारागीर यांच्यात तेवढेही उरत नाही.

जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा येथील फर्निचर बाजार हा या चित्राला मोठा अपवाद मानावा लागेल. पाडलेल्या चाळींतून, बंगल्यांतून आणि जुन्या कचेऱ्यांतून निघालेले सागवान तेथे आले, तासले गेले आणि पुन्हा विकले गेले. त्या फळीवर जुन्या बिजागरीची खाच असते, खिळ्याचे काळे भोक असते. तो जुनेपणा खरवडून आणलेला नाही. या बाजारातही अलीकडे ‘जुना दिसणारा नवा’ माल शिरला आहे, हे खरे. पण लाकूड पारखणारे मिस्त्री तेथे अजून आहेत, आणि फळी वाजवून ती साग आहे की ‘जंगलवुड’ हे सांगणारा कान ही या उपनगराची सांस्कृतिक संपत्तीच म्हटली पाहिजे.

या संदर्भात गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीचाही उल्लेख करावासा वाटतो. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या या नगरीत प्लाय, गोणपाट आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांतून कितीतरी ‘गावे’ उभी राहिली आणि चित्रीकरण संपताच मोडली गेली. नेपथ्याला हे शोभते, कारण नेपथ्य स्वतःला नेपथ्य म्हणवते. चित्रनगरीच्या भिंतीबाहेरच्या उद्यानानेही तोच धडा गिरवावा, हे मात्र विचित्र आहे.

पडलेले झाड

या सर्व प्रतिमांच्या शेजारी खरे लाकूड विपुल आहे. महानगरपालिकेच्या २०१८ च्या गणनेत मुंबईत सुमारे २९.७५ लाख झाडांची नोंद झाली. त्यांतील काही दरवर्षी पावसाळ्यात उन्मळतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडे कोसळली. रस्ता मोकळा करणे हे पहिले कर्तव्य असल्याने यांत्रिक करवतीने खोडाचे दीड-दोन फुटांचे तुकडे पाडले जातात, म्हणजे ते दोन माणसांना उचलता येतात. सुताराच्या दृष्टीने झाडाचा खरा मृत्यू या क्षणी होतो. सहा फुटांचा सलग बुंधा असता, तर त्याच्या फळ्या निघाल्या असत्या. दोन फुटांच्या तुकड्याचे सरपणच होते.

प्रत्येक झाड बाकासाठी योग्य असते, असा भाबडा समज करून घेण्याचे कारण नाही. मादागास्करहून आलेला गुलमोहर उपनगरांत सर्वांत सहज मोडतो. त्याचे लाकूड हलके व ठिसूळ असून त्याला भुंगा लवकर लागतो. सुबाभूळ जळणाच्याच कामाची. आंब्याचे लाकूड घरात चालते, उघड्यावर निगा नसेल तर लवकर सडते. उलट फणस, शिरीष, बाभूळ आणि किनाऱ्यालगतची भेंडी यांचे गाभ्याचे लाकूड चांगले टिकते. आश्चर्य आहे ते पर्जन्यवृक्षाचे. मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेला हा छत्रीसारखा वृक्ष उपनगरांतील जुन्या रस्त्यांवर मोठ्या संख्येने उभा आहे, आणि पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने त्यातील पुष्कळ वाळूनही गेले. थायलंडमधील चिआंग माई आणि हवाई बेटे येथे याच झाडाच्या लाकडाची कोरीव भांडी व जाड फळ्यांची टेबले होतात. त्याचा गाभा गडद तपकिरी आणि तुलनेने टिकाऊ असतो. विशेष म्हणजे ओले असताना घडविले, तरी हे लाकूड फारसे आकसत किंवा तडकत नाही. जे लाकूड अन्यत्र एका कारागिरीचा आधार बनले, ते येथे ट्रकमध्ये भरून नाहीसे होते.

लाकूड मुरविण्यास वेळ लागतो. एक इंच जाडीच्या फळीला सावलीत, हवा खेळेल अशा रचनेत, साधारण वर्षभर ठेवावे असा सुतारांचा ठोकताळा आहे. सालीलगतचा पांढरट भाग तासून टाकावा लागतो, कारण पिष्टमय अंश तेथे असतो आणि किडा तेथूनच शिरतो. बांबूच्या बाबतीत हेच ज्ञान वेगळ्या भाषेत सांगितले जाते : पावसाळा सरल्यावर अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा आणि वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा. ज्या उपनगरात मोटार उभी करावयास जागा नाही, तेथे ओंडके वर्षभर ठेवण्याची जागा कोठून आणावी, हा प्रश्न गैरलागू नाही. पण मोठी उद्याने, रोपवाटिका आणि आरेसारखा विस्तीर्ण परिसर उपनगरांतच आहे.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार नागरी क्षेत्रातील झाड खाजगी आवारातले असले, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. राज्याचा १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा साग, खैर, ऐन, आंबा, फणस अशा अनुसूचित झाडांना लागू आहे. हे निर्बंध आवश्यकच आहेत. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तोड सुरू झाली आणि ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविण्यास सांगेपर्यंत २,१४१ झाडे गेली होती. स्थानिक लाकडाची हौस ही नव्या तोडीची सबब होऊ शकते, ही भीती त्यामुळे काल्पनिक म्हणता येत नाही. येथे विचार चालला आहे तो पडलेल्या, वाळलेल्या आणि कायदेशीर परवानगीने काढलेल्या झाडांचाच.

पाड्यातील लाकूड

बोरीवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या आत आणि आरेच्या परिसरात वारली व अन्य आदिवासींचे पाडे आहेत. आरेतील एका पाड्याचे नावच खांबाचा पाडा. येथील जुन्या घराची भिंत कारवीच्या काठ्यांची, वर शेणमातीचा लेप. छपराचा भार दुबेळक्याच्या मेढींवर. मेढ हे रांगड्या बांधणीचे मर्म आहे. झाडाच्या फांदीने निसर्गतः दिलेला फाटा हाच सांधा म्हणून वापरला जातो, खिळा लागत नाही. अंगणातील मांडव, गवत-पेंढा ठेवण्याचा माळा, टेकण्याची बाज या सर्वांत हेच तत्त्व दिसते : लाकूड वाकडे असेल, तर त्या वाकडेपणालाच काम द्यावयाचे. बाजारातील रस्टिक टेबलात वाकडी कड केवळ शोभेला असते. मेढीत वाकडेपणा भार उचलतो.

राष्ट्रीय उद्यानातून लाकूडफाटा काढणे वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे, आणि १९९७ मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातील वस्त्या हटविण्याची व पुनर्वसनाची दीर्घ प्रक्रिया सुरू झाली. वनरक्षणाची निकड मान्य करूनही एक विसंगती नोंदवावी लागते. ज्या माणसाला मेढ निवडता येते, त्याला ती निवडण्यास बंदी आहे. आणि त्याच्याच चित्रशैलीतील त्रिकोणी माणसे उपनगरांतील स्थानकांच्या व उद्यानांच्या सिमेंटच्या भिंतींवर रंगविलेली आहेत. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्राला जगन्मान्यता मिळाली. वारली सुतारकामाकडे मात्र कुणी ‘काम’ म्हणून पाहिले नाही. चित्र सिमेंटवर नेता येते, मेढ नेता येत नाही.

बाकडे

उपनगरांतील उघड्यावरच्या लाकडी बैठकीचा सर्वांत सजीव नमुना उद्यानात नाही, उपाहारगृहातही नाही. तो रिक्षाथांब्यावर, चहाच्या टपरीशेजारी आणि कामगार नाक्यावर आहे. दोन फळ्या, चार पाय, दोन तिरप्या पट्ट्या : याला मराठीत बाकडे म्हणतात. बाक आणि बाकडे यांतील अर्थच्छटा ध्यानात घेण्यासारखी आहे. बाक शाळेत, न्यायालयात, उद्यानात असतो. बाकड्याला कोणतीही संस्था नसते.

या बाकड्याचे लाकूड कोठले? इमारतीच्या बांधकामात स्लॅब ओतताना खाली ज्या फळ्या लावतात, त्या सेंट्रिंगच्या फळ्यांचे. काही वेळा वापरून त्या निकामी झाल्या की भंगारात जातात अथवा बांधकामावरून थेट टपरीवर येतात. पाय बहुधा आधाराच्या बल्लीचे, म्हणजे निलगिरीच्या सरळ गोल खांबांचे. खिळेही तेथलेच, वाकलेले, ठोकून सरळ केलेले. फळीवर सिमेंटचे करडे थर वाळून घट्ट बसलेले असतात आणि बसणाऱ्यांच्या वावराने कडेने गुळगुळीत होतात. उद्यानात लाकूड म्हणून सिमेंट मिरवते. येथे लाकडावर सिमेंट चिकटलेले आहे आणि ते कुणी लपवीत नाही. पुनर्विकासाच्या लाटेत जुनी घरे पाडून नवे मनोरे उभारणाऱ्या उपनगराचे ‘स्थानिक लाकूड’ कोणते, असा प्रश्न काटेकोरपणे विचारला, तर उत्तर सेंट्रिंगची फळी हेच येईल. ती साग नाही, शिसवी नाही. पण या भूमीवर जे घडले त्यातून ती निघाली आहे.

रचनेकडे पाहावे. बैठक सुमारे दीड फूट उंच, म्हणजे चहाचा पेला दोन्ही हातांत धरून कोपर गुडघ्यावर टेकता यावे इतकी. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट, त्यातून पावसाचे पाणी निथळते. पाय बाहेरच्या बाजूस किंचित फाकलेले, कारण रस्त्याकडेची जमीन सपाट नसते. लांबी तीन माणसांची, बसतात चार. सकाळी ते रस्त्याच्या एका बाजूस असते, दुपारी सावली सरकली की दोघेजण उचलून ते दुसऱ्या बाजूस नेतात, रात्री विजेच्या खांबाला साखळीने बांधतात. पाय खिळखिळा झाला की त्याच दिवशी नवी पट्टी ठोकली जाते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे वर्णन केले, त्यातील सुतार नांगर-गाडीची दुरुस्ती हे वर्षाचे बांधील काम मानीत असे. बाकड्याला असा बांधील सुतार नाही. रिक्षाचालक, टपरीवाला, नाक्यावर कामाची वाट पाहणारा मिस्त्री हेच त्याचे सुतार. नाक्यावरच्या मिस्त्रीच्या पिशवीत करवत, पटाशी आणि हातोडा असतातच.

बाकड्याचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. त्याला पाठ नसते, वृद्धांना ते सोयीचे नाही, आणि त्यावर स्त्रिया क्वचितच बसलेल्या दिसतात. नाका आणि थांबा या पुरुषांच्याच जागा राहिल्या आहेत, आणि बाकडे त्या वस्तुस्थितीला बळ देते. उद्यानातील सिमेंटच्या ओंडक्यावर सायंकाळी गृहिणींचा गट निःसंकोच बसतो, ही त्या कुरूप वस्तूच्या बाजूने सांगण्यासारखी खरी गोष्ट आहे. रूपाची समीक्षा करताना कोण बसू शकते हे विसरले, तर समीक्षा अपुरी राहते.

तरीही निर्मितीच्या निकषावर बाकडे सरस ठरते. वस्तू कोठल्या लाकडाची, कुणी जोडली, मोडल्यास कोण दुरुस्त करील, या तीन प्रश्नांना ते तत्काळ उत्तर देते. जोधपूरचे टेबल पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देते, सिमेंटचा ओंडका एकाचेही देत नाही. असे असूनही पदपथावरील अडथळा म्हणून अतिक्रमण निर्मूलनाच्या गाडीत चढते ते बाकडेच. चालणाऱ्याचा पदपथावरचा हक्क निर्विवाद आहे. परंतु त्याच पदपथावर झाडाभोवती काँक्रीटचा कट्टा ओतून मुळांचा श्वास कोंडला जातो, तेव्हा तो अडथळा गणला जात नाही, सुशोभीकरण गणला जातो.

बाकड्यापुढे आता वेगळेच संकट आहे. उंच मनोऱ्यांच्या बांधकामात लाकडी फळ्यांऐवजी ॲल्युमिनियमचे साचे वापरले जाऊ लागले. ते पुनःपुन्हा वापरता येतात आणि निकामी झाले की वितळविण्यास जातात. त्यांतून बाकडे निघत नाही. फळ्यांची आवक जेथे आटली, तेथे थांब्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत, पाय मोडलेल्या, विटांवर टेकवलेल्या.

नेमक्या याच टप्प्यावर पडलेल्या पर्जन्यवृक्षाचा आणि नाक्यावरच्या मिस्त्रीचा विचार एकत्र करता येतो. त्यासाठी नवे सौंदर्यशास्त्र लागत नाही. पावसाळ्यात झाड कोसळल्यावर रस्ता मोकळा करणाऱ्या पथकाने बुंध्याचा निदान एक तुकडा सहा फुटांचा ठेवावा, तो जवळच्या उद्यानाच्या कोपऱ्यात विटांवर आडवा टाकावा, टोकांना तडा जाऊ नये म्हणून चुना किंवा डांबर फासावे, आणि पुढील पावसाळ्यापूर्वी नाक्यावरच्या दोन मिस्त्रींना रोजंदारीवर बोलावून त्याच्या फळ्या पाडाव्यात. फाटा असलेली फांदी मिळाली, तर तिचा पाय करण्याची युक्ती आरेतील पाड्यांवर विचारता येईल. तेथे ती जाणणारे आहेत. बाकाला पाठ असावी, म्हणजे वृद्धांना टेकता येईल. पाठीवर नाव रंगवावयाचेच असेल, तर त्या झाडाचे आणि ज्या रस्त्यावर ते उभे होते त्या रस्त्याचे रंगवावे. दरवर्षी मे महिन्यात त्याला तेलाचा हात द्यावा लागेल आणि चार-पाच वर्षांनी एखादी फळी बदलावी लागेल. तेव्हा पुन्हा मिस्त्रीला बोलवावे लागेल.